घरी येणारी उपशामक सेवा: वडिलांसाठी घेतली, त्याचा रिव्ह्यू

ठाणे जिल्ह्यातल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेची घरी येऊन उपचार करणारी उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी ठेवणारे उपचार) आम्ही माझ्या वडिलांसाठी घेतली होती. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक डॉक्टर, तीन नर्स आणि एक समाजसेविका एवढ्याच माणसांवर त्यांचा कारभार चालतो आणि नव्या पेशंटला आधीच थांबावं लागतं. पण अशा सेवा आता बऱ्याच शहरांत आहेत. तुमच्या घरात कुणी दीर्घ आजारी असेल, तर कुठलीही अशी सेवा घेताना काय बघायचं हे कळावं म्हणून लिहिते आहे.

पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅन्सर येतो. साहजिक आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटना सांभाळतं, आणि आपण ऐकलेली नावं तीच. अण्णांना कॅन्सर नव्हता. सीओपीडी होता, म्हणजे फुप्फुसं हळूहळू निकामी होण्याचा आजार. वय ८४. मध्य रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीपर्यंत विडी सुटली नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नाकात नळी, संडासापर्यंत जाऊन आलं की पंधरा मिनिटं बोलता येत नाही, अशी अवस्था. अशा पेशंटलाही ही सेवा मिळते हे आम्हाला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं.

पहिल्या भेटीचे १,००० रुपये घेतले, नंतर नर्सच्या दर भेटीला ४००. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत. पावती लगेच.

पण पैशांपेक्षा त्या पहिल्या भेटीबद्दल सांगायला हवं. डॉक्टर आले, चपला काढून आत आले, आणि स्टेथोस्कोप काढण्याआधी अण्णांच्या पलंगाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसले. पहिला प्रश्न आम्हाला नाही, अण्णांना. "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय सांगितलंय?" आम्ही सगळे गप्प. कारण अण्णांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आमच्याशी बोलायचे आणि आम्ही आत येऊन "सगळं ठीक आहे" म्हणायचो. अण्णा म्हणाले, "सांगितलं काहीच नाही. पण मला माहीत आहे." आणि मग त्यांनी आदल्या वर्षीच्या आयसीयूबद्दल सांगायला सुरुवात केली, जे आमच्यासमोर कधीच बोलले नव्हते.

तेव्हा न्यूमोनिया होऊन त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. नळी उपटू नये म्हणून दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेली. रात्री कुणीतरी दिवा मालवायचं विसरायचं आणि त्यांना दिवस की रात्र कळायचं नाही. घशात नळी, त्यामुळे आवाज नाही. एका ब्रदरने कागद आणि पेन दिलं, तर बांधलेल्या हाताने जेवढं जमलं तेवढं त्यांनी लिहिलं होतं: "पुरे". तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. उशीच्या अभ्र्यातून काढून डॉक्टरांच्या हातात दिला. एका बाजूला वाकडं झालेलं अक्षर, र ची मात्रा की काय ती कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टरांनी लिव्हिंग विलचा, म्हणजे शुद्ध गेल्यावर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा, विषय त्या दिवशी काढलाच नाही. धापेवर औषध दिलं, टेबलफॅन चेहऱ्यासमोर ठेवायला सांगितला. गालांवर, नाकावर गार वारा लागला की धाप कमी वाटते. आम्ही उलट सर्दी होईल म्हणून पंखा बंद ठेवत होतो. पुढच्या आठवड्यात सगळ्या जवळच्या माणसांना एकत्र बसवा, असं सांगून ते गेले.

ती बैठक हीच या सेवेची खरी किंमत. बाकी नर्स, ऑक्सिजन, औषधं हे पैसे मोजले की कुठूनही मिळतं.

बैठकीला समाजसेविका ताई आणि डॉक्टर, अण्णा, आई, मी, माझे यजमान, नागपूरहून आलेला दादा आणि वहिनी, आणि फोंड्याहून आत्या. अण्णांचा पलंग हॉलमध्ये आणला होता. समाजसेविकेने आधीच सांगितलं की आज कुठेही सही नाही, कुठलाही निर्णय नाही, प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते तेवढं सांगायचं.

दादा पहिल्यांदा बोलला आणि त्याचं म्हणणं मी इथे नीट लिहिते, कारण असं म्हणणाऱ्या मुलांना लोक सरसकट हट्टी ठरवतात. तो म्हणाला, "मागच्या वेळी पण तुम्ही लोकांनी हात टेकले होते. डॉक्टर म्हणाले होते आशा ठेवू नका. मी म्हटलं, नळी घाला. घातली, आणि अण्णा परत आले. त्यानंतर नातीच्या लग्नात अक्षता टाकल्या त्यांनी. तेव्हा तुमचा हा कागद असता तर?" याला उत्तर नव्हतं. खरंच होतं ते. हॉस्पिटलचं बिलही बरंचसं त्यानेच भरलं होतं, आणि पुढेही भरायची त्याची तयारी होती.

आत्याचं म्हणणं वेगळं. "भाऊ, किती श्वास घ्यायचे ते वरून लिहून आलेलं असतं. आपण मधे हात घालायचा नाही." आणि आई, जी कधी कुणासमोर बोलत नाही, ती म्हणाली, "केईएमच्या पोरींनी त्या अरुणाला चाळीस वर्षांवर सांभाळलं. ना नात्याची ना गोत्याची. आणि मला माझा एक माणूस सांभाळता येत नाही, असं कागदावर लिहायचं का?"

अरुणा शानभाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळून, २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच होत्या. आईच्या पिढीतल्या मुंबईच्या बायकांना ती घरातली गोष्ट वाटते. त्यांच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा, काही परिस्थितीत उपचार थांबवता येतात असं म्हटलं, आणि तिथूनच पुढे लिव्हिंग विलला मान्यता देणारा २०१८ चा निकाल आला, हे समाजसेविकेला माहीत होतं. पण तिने आईला कायदा सांगितला नाही. ती म्हणाली, "आई, त्या नर्सेसनी काय केलं? अंग पुसलं, कूस बदलली, भरवलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. ते तुम्ही करताच आहात. ते कुणीही थांबवत नाहीये. अण्णा फक्त घशातल्या नळीबद्दल बोलतायत." आई काही बोलली नाही, पण हातातला पदर सुटला.

अण्णा शेवटी बोलले, दोन वाक्यांमध्ये दम घेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते वर्ध्याला ड्यूटीवर होते. पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध घेणं सोडलं तेव्हा गाड्या भरभरून माणसं उतरत होती. "विनोबांना औषध नको म्हणता आलं. मला का नको?" डॉक्टरांनी तिथे लगेच फरक स्पष्ट केला, आणि तो करायलाच हवा होता. इथे कुणी अन्नपाणी सोडत नाहीये. जीव जाण्यासाठी इंजेक्शन देणं आपल्या देशात गुन्हा आहे, ते कुणी मागूही नये आणि कुणी देणारही नाही. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला कुठलाही उपचार नाकारण्याचा हक्क आहे. कागद लागतो तो शुद्ध गेल्यावरसाठी.

मग डॉक्टरांनी दादाचा मुद्दा उचलला. मला वाटतं, दुसरा कुणी असता तर त्याला समजावत बसला असता. यांनी विचारलं, "दादा, मागच्या वेळी अण्णा वाचले ते अँटिबायोटिकने, की नळीने?" आणि मग कागदाच्या मध्ये रेघ मारून दोन बाजू केल्या. न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक: हो. ऑक्सिजन: हो. हॉस्पिटलमध्ये भरती: हो, वॉर्डात. बायपॅप, म्हणजे नळी न घालता घट्ट मास्कने श्वास देणारं मशीन: हो, पण मुदत ठरवून. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर मास्क काढायचा आणि धाप कमी ठेवायची औषधं द्यायची. घशात नळी, व्हेंटिलेटर, हृदय थांबल्यावर छाती दाबणं: नाही. प्रत्येक ओळीला अण्णांना विचारलं, अण्णांनी मान हलवली किंवा बोट हलवलं. बायपॅपची ओळ दादामुळे आली. अण्णा आधी त्यालाही नको म्हणत होते. दादा म्हणाला, "तीन दिवस, अण्णा. माझ्यासाठी." आणि अण्णांनी ते लिहू दिलं.

आपल्याकडे घरातला विरोध मोडून काढायचा असतो किंवा त्याला शरण जायचं असतं. इथे तो विरोध कागदात उतरला, आणि कागद आधीपेक्षा चांगला झाला. मी इतक्या जवळून असं काम होताना पाहिलेलं नाही.

आता कागदाचं. कायदेशीर भाग बराच सोपा झाला आहे, लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने स्वतःच्याच अटी सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. शुद्ध हरपल्यावर तुमच्या वतीने कुणी बोलायचं ते नाव लिहायचं असतं, आणि ती माणसं एकाहून जास्त असू शकतात. समाजसेविकेने सुचवलं की माझ्याबरोबर दादाचंही नाव घाला. अण्णांनी त्याचं नाव आधी घालायला सांगितलं.

नोटरी घरी आला, त्याचे वेगळे पैसे. साक्षीदार म्हणून शेजारचे काका आणि अण्णांचे रेल्वेतले एक मित्र. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक संस्थेच्या फायलीत, एक दादाकडे, एक माझ्याकडे. आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यायची असते. तिथे ती सांभाळणारा अधिकारी, कस्टोडियन, नेमलेला असायला हवा. मुंबईचे डॉ. निखिल दातार यासाठी उच्च न्यायालयात गेले, त्यानंतर राज्यात हे अधिकारी नेमले गेले. आमच्या महापालिकेत मात्र या टेबलावरून त्या टेबलावर करावं लागलं. एका बाईंनी प्रॉपर्टीचं मृत्युपत्र समजून मला रजिस्ट्रारकडे पाठवलं. शेवटी आरोग्य विभागात एका तरुण डॉक्टरने नेमणुकीचा आदेश शोधून काढला, प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. पोच घ्याच.

आत्याच्या मुलाने तेव्हा गोव्याची बातमी पाठवली होती: मे २०२४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. आत्याने ती वाचली आणि एवढंच म्हणाली, "त्यांचं ते जाणोत." तिचं मत बदललं नाही. बदलावं असा आग्रहही कुणी धरला नाही.

कागद झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. पावसाळ्यात अण्णांची धाप वाढली आणि आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरने कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "आमच्याकडे हे चालत नाही. लीगलला विचारावं लागेल. नळी नको असेल तर डामा लिहून घरी न्या." म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घेऊन जातो, असं लिहून द्यायचं आणि धाप लागलेला माणूस तसाच रिक्षात घालायचा. बऱ्याच घरांचं असंच होतं. एक तर नळी, नाहीतर डामा. मधलं काही मिळतच नाही.

अण्णा शुद्धीवर होते, त्यांनी स्वतः मान हलवून नको म्हटलं. मी आमच्या उपशामक डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी तिथल्या छातीच्या कन्सल्टंटशी बोलणं केलं. काय बोलले माहीत नाही. अर्ध्या तासात बायपॅप लागला, वॉर्डात. दुसऱ्या दिवशी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला, तिसऱ्या दिवशी मास्क निघाला, आणि अण्णा घरी आले. दादाची ओळ कामी आली. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

सेवेचा अर्धा तारा कापला तो रात्रीसाठी. रात्रीचा फोन आहे, उचलतातही, पण माणूस येत नाही. रात्री धाप वाढली की फोनवरून सांगतात ते आपल्याला करायचं. घरात धीराचं एक तरी माणूस नसेल तर हे झेपणार नाही, आणि हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं होतं. दुसरी अडचण मॉर्फिनची. दीर्घ धापेला अगदी थोडं मॉर्फिन देतात, पाव गोळीपासून सुरू केलं होतं. ते लिहून द्यायला आणि ठेवायला मान्यता असलेली संस्था लागते. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सैल झाला, तरी गल्लीतल्या केमिस्टकडे ते मिळत नाही. गोळ्या संपायच्या आधी संस्थेच्या ऑफिसला जाऊन आणाव्या लागत, रिकामी स्ट्रिप परत करून. वहिनी सुरुवातीला म्हणायची, "अफू देताय तुम्ही त्यांना." नर्सने तिला बसवून सांगितलं की या मात्रेत व्यसनही नाही आणि श्वासही थांबत नाही, बद्धकोष्ठ मात्र नक्की होतं, म्हणून सोबत जुलाबाचं औषध रोज, न चुकता. नंतर वहिनीच नागपूरहून फोन करून विचारायची, "जुलाबाचं दिलंस ना?"

शेवटच्या रात्री दादा इथेच होता. अण्णांची शुद्ध दुपारपासून नव्हती. दहाच्या सुमारास श्वासाचा आवाज बदलला, घशात घरघर सुरू झाली, आणि दादाने मोबाइल काढला. "मी १०८ ला बोलावतो. असं बघत बसायचं का?" मी नर्सला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिने दादाला कागदाची आठवण करून दिली नाही. ती म्हणाली, "दादा, त्यांच्या कपाळावर आठी आहे का बघा." नव्हती. "हाताच्या मुठी?" सैल होत्या. "आता घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा आणि मला सांगा." त्याने मोजले. चौदा. "त्यांना त्रास होत असता तर तीसच्या वर असते. घरघर आपल्याला ऐकायला वाईट वाटते, त्यांना जाणवत नाही. एका कुशीवर करा, पाठीला उशी द्या." आम्ही दोघांनी मिळून कूस बदलली. आवाज कमी झाला. दर अर्ध्या तासाने दादा श्वास मोजून मेसेज टाकत राहिला आणि ती प्रत्येक मेसेजला उत्तर देत राहिली. १०८ ला फोन झाला नाही.

दादाला आजही वाटतं की आणखी एक प्रयत्न व्हायला हवा होता. तेरावं झाल्यावर त्याने मला तसं सांगितलं. मी वाद घातला नाही. समाजसेविका महिन्याभराने आईला भेटायला आली तेव्हा तिने दादालाही वेगळा फोन केला. याचे पैसे त्या घेत नाहीत.

शेवटचं, आणि हे सगळ्यांनी आधीच विचारून ठेवा: घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहून देणारा दाखला कोण देणार? तो नसेल तर स्मशानात अडवतात, आणि पहाटे अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाही. मग पोलिसांपर्यंत जातं. आमचे उपशामक डॉक्टर सकाळी सहाला स्वतः आले, तपासलं, दाखला भरला. पहिल्या फोनमध्येच सेवेला विचारा की हा दाखला तुमचे डॉक्टर देतात का. नाही म्हणाले, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी आजच बोलून ठेवा. फोन करताना जवळ ठेवायचं ते: शेवटचं डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी, आधार कार्ड. आणि पेशंट बोलू शकतोय तोवरच फोन करा, कारण पहिल्या भेटीत प्रश्न त्यांनाच विचारतात.